पिवळ्या पट्टीच्या आतली जागा

युनूसभाई,

भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुमची पद्धत नव्हती. तुमच्या भोसरीच्या वर्कशॉपचा कायदाच होता, चहा येईपर्यंत भांडायचं आणि चहा आला की तह करायचा. या वेळी चहाच झाला नाही. सोमवारी तुम्ही आमच्या सेटवरच्या कॅप्टनच्या खुर्चीचे बोल्ट स्वतःच्या हातानं काढलेत, खुर्ची टेम्पोत चढवलीत, मी शेडच्या दारातून "खुशाल न्या" म्हणाले, आणि गुरुवारी सकाळी वर्कशॉपमधून तुमच्या किसनमामांचा फोन आला. वर्कशॉपचं शटर वर करता करता भाई खाली बसले, ते उठलेच नाहीत. अशा वेळी माणसाचे हातपाय गळतात म्हणे. माझे नाही गळले. मला तुमचा सणसणीत राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिघीला तुमच्या घरी पोचले तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत हे मला माहीत होतं, तरी पाय त्या दिशेनं वळलेच. गल्लीच्या तोंडाशी शमीमभाभींच्या बहिणीनं माझा हात धरला आणि मी थांबले. तिथून पाठमोरे पुरुष दिसत होते, जाळीच्या पांढऱ्या टोप्या, आणि त्यांच्यात एकच गांधीटोपी. किसनमामा खांदा द्यायला पुढे घुसत होते. कुणीतरी त्यांना वाट करून दिली. सगळे वळणावर दिसेनासे झाले तरी मी तिथेच उभी होते, आणि डोक्यात एकच होतं, या माणसाशी माझं बोलणं संपलेलं नाही.

पुढेमागे हे कुणी तुमच्या नातीला वाचून दाखवेल. तिच्यासाठी थोडं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंच ऐकावं लागेल, पण आता मध्ये बोलता येणार नाही.

मी संध्या, मालिकांची कलादिग्दर्शक, राहणार निगडी. आमचं मूळ गाव लातूरकडचं, वडील इथे कंपनीत लागले आणि आम्ही इथलेच झालो. तुम्ही कारखान्यांसाठी विजेचे कंट्रोल पॅनल बनवायचात. आपली गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. पण ओंकारनं, म्हणजे आमच्या दिग्दर्शकानं, अंतराळातल्या यानावर मराठी मालिका करायचं मनावर घेतलं, मुंबईत जागा मिळेना म्हणून चाकणला एका बंद पडलेल्या कंपनीची शेड घेतली, आणि मला म्हणाला, "ब्रिज उभा कर." ब्रिज म्हणजे यान जिथून चालवतात ती खोली. मध्ये कॅप्टनची खुर्ची, समोर मोठा पडदा, भोवती बटणांची टेबलं. असल्या मालिकांत यान बाहेरून दिसतं क्षणभर आणि बाकी सगळा वेळ माणसं त्या एका खोलीत बोलत उभी असतात. ती खोली खोटी वाटली की सगळंच खोटं वाटतं.

मला खऱ्यासारखी दिसणारी बटणं हवी होती, म्हणून मी तुमच्याकडे आले. तुम्ही माझी चित्रं बघितलीत आणि विचारलंत, "ही केबिन कुठल्या कंपनीची?" मी म्हणाले, "ही अंतराळात असते." तुम्ही मान डोलावलीत आणि वेल्डरला हाक मारून सांगितलंत, "मॅडमची कंपनी लांब आहे, माल नीट पॅक करावा लागंल." तिथपासून तुम्ही त्या खोलीला केबिन म्हणालात ते शेवटपर्यंत. मी ब्रिज म्हणाले. कुणीही माघार घेतली नाही.

पहिलं पॅनल तुम्ही बनवलंत ते बघून मी कपाळाला हात लावला होता. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद, खाली शाईनं नावं, बाजूला धोक्याची कवटी. हुबेहूब नगरपालिकेचं पंपिंग स्टेशन. मी तसं म्हणाले आणि तुम्ही दोन दिवस फोन उचलला नाहीत. मग सगळं काढून, पिवळट ॲक्रिलिकच्या मागे दिव्यांच्या पट्ट्या लावून असं काही केलंत की ओंकार त्या टेबलावरून हात फिरवत राहिला. कवटी मात्र तुम्ही काढली नव्हती. टेबलाच्या आतल्या बाजूला लावली होती, मला न सांगता. आज सकाळी मला ती सापडली.

प्रत्येक भिंत तुम्ही चाकांवर उभी केलीत आणि मागून उघडेल अशी ठेवलीत, कारण पॅनलचा माणूस मागचं दार ठेवल्याशिवाय काही बनवूच शकत नाही. कॅमेऱ्याला आत घुसायला हेच लागतं. आणि त्याच्यामुळेच पुढचा सगळा खेळ शक्य झाला. आपलं यान 'शततारका'. त्याचाच ब्रिज शत्रूचं यान झाला, मालवाहू जहाज झाला, एका भागात अंतराळातलं न्यायालयही झाला. पॅनल डावीकडची उजवीकडे लावायची. पडद्याची भिंत मागे न्यायची. पांढरा उजेड काढून खालून हिरवा टाकायचा, कठडा उंच करायचा, खुर्ची ओट्यावर चढवायची, कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणायचा. दुपारपर्यंत आपलं यान आणि जेवणानंतर परक्यांचं.

मी तुम्हाला सांगितलं होतं की बाहेरच्या देशांत मोठमोठ्या मालिकाही हेच करतात. जुन्या यानाच्या भिंती सोलून नवीन यान उभं करतात, एकाचा ब्रिज दुसऱ्याचा दवाखाना होतो, आणि चाणाक्ष प्रेक्षक घरबसल्या ओळखतात की हे दार तर मागच्या मालिकेतलं. तुमचा चेहरा असा खुलला की मी चकित झाले. "म्हणजे तिकडंबी भंगारच चालतंय!" असं म्हणून तुम्ही सगळ्या वर्कशॉपला ती बातमी दिलीत. त्यानंतर तुमचा संकोच गेला. कॅप्टनची खुर्ची तुम्ही कुदळवाडीच्या भंगारातून आणलीत, मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची सीट. तिला हात बसवले, चामडं बदललं, खाली फिरता खांब. किसनमामांचा जन्म चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवण्यात गेला, निवृत्त झाल्यावर तुमच्याकडे माल हलवायला आले. त्यांनी खुर्ची बघितली मात्र, जाऊन बसले. "आपलीच हाय ही," म्हणाले. शततारकेवर कॅप्टनच्या आधी बसलेला माणूस तो.

आता पिवळ्या पट्टीचं सांगते. कारखान्यात जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारलेल्या असतात. मशीनची जागा पट्टीच्या आत, माणसांनी चालायचं पट्टीच्या बाहेरून. खुर्ची हलवून परत नेमकी तिथेच बसावी म्हणून तुमच्या माणसांनी सवयीनं तिच्याभोवती पिवळ्या टेपची चौकट आखली, टेबलांभोवतीही पट्ट्या मारल्या. मी म्हणाले, राहू दे, कॅमेरा काही जमीन दाखवत नाही. पण यानावरचे कर्मचारी म्हणून ओंकारनं आणले होते ते चाकणचे कंपनी कामगार, पहिली शिफ्ट सुटल्यावर येणारे. पहिल्याच दिवशी प्रसंग होता यानावर हल्ला झाल्याचा. भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी धावत आपापल्या जागी जायचं. ओंकार ओरडला, "ॲक्शन!" भोंगा वाजला. आणि यानावरची सगळी माणसं शांतपणे हातातलं काम ठेवून, एका मागोमाग एक, पिवळी पट्टी न ओलांडता, ब्रिजच्या दारातून बाहेर, शेडच्या दारातून बाहेर, फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन रांगेत उभी राहिली. कंपनीत धोक्याचा भोंगा वाजला की हेच करायचं असतं. कॅप्टन एकटा खुर्चीत बसून राहिला, अंतराळात.

तुम्ही इतके हसलात की तुम्हाला जिन्यावर बसावं लागलं. ओंकार चिडून म्हणाला, "अरे, पळा की!" तेव्हा किसनमामा म्हणाले, "साहेब, शॉपफ्लोरवर पळायचं न्हाई. मेमो भेटतो." मग तुम्हीच डोळे पुसत उठलात आणि त्यांना पळायला शिकवलंत. दिवसभर शिकवत होतात. शेवटी पळाले, पण चौकटीत पाय कुणी टाकला नाही. खुर्चीला वळसा घालूनच पळायचे. पुढे तीच शततारकेची शिस्त झाली, आणि बघणाऱ्यांना वाटलं की हे सगळं मी बसवलं आहे.

दसऱ्याचं मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही. आज बोलते.

दसऱ्याच्या सकाळी तुमची माणसं झेंडूची पोती घेऊनच सेटवर आली. फुलं पिंपरीच्या बाजारातून तुम्ही आणलेली, वर्कशॉपला दर वर्षी आणता तशी. कामगारांचा सण, मशीनची पूजा झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तुम्ही स्वतः हात जोडत नव्हतात. बाजूला उभे राहून "त्या कटरला राहिलं बघा," "वायरवर पाणी नको रे," असं सांगत होतात. टेबलांना तोरणं लागली. किसनमामांनी नारळ फोडला आणि कॅप्टनच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुपारी शूटिंगच्या आधी मी सगळं पुसून घेतलं. उजव्या हाताची आतली बाजू राहिली.

पुढे ब्रिज फिरवून आपण शत्रूचं, म्हणजे वृश्चिकांचं, यान केलं. वृश्चिकांचा सेनापती खुर्चीतून हात उचलतो, कॅमेरा जवळ, आणि खुर्चीच्या हातावर लालभडक कुंकू. खाली पॅनलच्या फटीत झेंडूची पाकळी. लोकांनी ते चित्र फोनवर फिरवलं, आमची यथेच्छ चेष्टा केली. ओंकार माझ्यावर घसरला, मी तणतणत भोसरीला आले. तुम्ही वायरी सोलत होतात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ताई, त्यांच्या यानावर पण कामगार असतील का नसतील?"

"असतील."

"मग ते मशीन पुजत नसतील?"

"ते शत्रू आहेत, युनूसभाई."

"शिफ्ट तर त्यांना पण असंल की," तुम्ही म्हणालात. "केबिन तीच आहे, ताई. लाइट बदलला की आपली, लाइट बदलला की त्यांची. तुम्हीच बदलता ना?"

मग चहा आला आणि मी हसले. पण ते वाक्य माझ्या मागे घरी आलं. त्याच सुमाराला तुमच्या भाचीला मारुंजीत भाड्यानं घर मिळत नव्हतं. नोकरी हिंजवडीत, पगार चांगला, आणि आडनाव सांगितलं की फ्लॅट नेमका आत्ताच दुसऱ्याला दिलेला असायचा. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, भाभींनी सांगितलं, तेही बऱ्याच महिन्यांनी. तुम्ही माझ्याशी फक्त लाइटबद्दल बोललात. तेवढंच बोलायचं होतं का, की मी पुढे काही विचारीन म्हणून थांबला होतात, हे आता मला कळायचा मार्ग नाही. ते मला छळतं. रोज सकाळी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते आणि मी तुम्हाला तो प्रश्न विचारते.

आणि मग हे तिसरं पर्व. लोक त्याच त्या खोलीला कंटाळले असं वरून सांगणं आलं, नवीन ब्रिज हवा. भिंती आपल्याच, पण रूप नवं. मी चित्र काढलं आणि त्यात खुर्ची नव्हती. तुम्हाला वाटलं विसरले. विसरले नव्हते. जगातल्या सगळ्या मालिकांत सगळ्या यानांत मध्ये एक खुर्ची असते, एक माणूस बसतो आणि बाकीचे त्याच्याकडे माना वळवून बघतात. मला ते नको होतं. माझी नवी कॅप्टन बाई आहे आणि ती बसत नाही. ती हिंडते, प्रत्येकाच्या टेबलापाशी जाते, तिथलं काम बघते. तुमच्यासारखी, युनूसभाई. तुम्ही तरी वर्कशॉपमध्ये कधी खुर्चीत बसलात? हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. सुचलं मात्र गल्लीच्या तोंडाशी उभी असताना.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "खुर्ची काढली की केबिनला तोंड राहत नाही. ड्रायव्हर उभा राहून गाडी चालवतो का?"

मी म्हणाले, "हा ट्रक नाही."

"तुम्हाला नवं पाहिजे म्हणून जुनं मोडायचं."

"मोडत कुठे आहे? सगळं तुमचंच वापरते आहे."

"सगळं वापरा आणि जीव काढून टाका," असं म्हणून तुम्ही पाना मागितलात. सगळ्यांच्या देखत. "मग खुर्ची माझी, मी नेतो."

मी अजूनही म्हणते, माझं बरोबर होतं. खुर्ची गेल्यावर ती खोली मोठी झाली, उजेड नीट पसरला, माणसं माणसांकडे बघायला लागली. तुम्ही दोन दिवस थांबला असतात तर मी तुम्हाला मध्ये उभं करून दाखवलं असतं. तुम्ही नाक मुरडलं असतंत, मग भिंतीजवळ जाऊन हळूच म्हणाला असतात की बरं दिसतंय. हे माझ्याकडून हिरावून घ्यायचं तुम्हाला काही कारण नव्हतं.

तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात ओंकार शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "संध्या, खुर्ची परत आणू या. भाईंच्या नावाची पट्टी लावू तिच्यावर. शेवटी तीच त्यांची आठवण." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओंकारचं मन चांगलं आहे, त्याचे डोळेही भरले होते. पण मी कोंडीत सापडले. नाही म्हणाले तर मी दगड. हो म्हणाले तर आपलं भांडण म्हणजे नुसता पोरखेळ होता, माणूस मेला की मिटण्याइतका. तुम्हाला फुकटचं जिंकलेलं कधी आवडलं नाही. कॅरममध्ये कुणी मुद्दाम हरलं तर तुम्ही सोंगट्या उधळायचात. मी ओंकारला म्हणाले, विचार करते. किसनमामांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. समोर आले की वायरची गुंडाळी उचलून दुसरीकडे जायचे.

शेवटी दिघीला गेले. मनात होतं, खुर्ची मागायला आले आहे. खरं तर तुम्ही काय बोलून गेलात ते विचारायला गेले होते. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी मला गॅलरीत नेलं, आणि तिथे ती. वर्कशॉपमध्ये नाहीच, घरी. लष्कराच्या मोकळ्या माळाकडे तोंड करून, शेजारी भाभींचं प्लास्टिकचं स्टूल.

"सोमवारी संध्याकाळी आणली," भाभी म्हणाल्या. "मी म्हटलं, हे काय भंगार घरात? म्हणाले, कॅप्टन रिटायर झाला. मग रोज इथंच बसून चहा."

"माझ्यावर रागावले होते?"

"खूप! म्हणत होते, या बाईला अक्कल नाही." भाभी किंचित हसल्या. "मग चहा पिता पिता म्हणाले, चित्र बरं काढलंय पण."

माझा जीव कानात गोळा झाला. "आणि खुर्चीचं? परत लावायची, नाही लावायची, काही बोलले?"

भाभींनी मान हलवली. "नाही बोलले, ताई. आणि बोलले असते तरी काय? त्यांचं आज एक असायचं, उद्या दुसरं. मलाच किती गोष्टी अर्ध्या सांगून ठेवल्यात." मग म्हणाल्या, "न्यायची तर न्या. तुमचीच वस्तू आहे. मी संध्याकाळची तिच्याशेजारी बसते, एवढंच."

मी भाभींनी दिलेला कप ठेवला आणि उठले. खुर्चीला हात लावला नाही. जिना उतरताना रडले, एकदाची. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. रडताना कळलं की मला तुमची परवानगी हवी होती, आणि ती कुणीही देऊ शकणार नव्हतं, भाभीही नाही. हे माझं मलाच ठरवायचं होतं.

ओंकारला सांगितलं, खुर्ची येणार नाही. चित्राप्रमाणेच होईल. नावाची पट्टी नको, मालिकेच्या शेवटी भाईंचं नाव जातंच, तसंच जाऊ दे. जमिनीवरच्या जुन्या पट्ट्या सगळ्या खरवडून काढा, असं मी माणसांना सांगितलं, कारण नव्या ब्रिजवर त्यांचं काम नव्हतं.

आज नव्या पर्वाच्या शूटिंगचा पहिला दिवस होता. सकाळी शेडमध्ये गेले. उजेड जसा मनात होता तसा पडला होता. टेबलांच्या आतून हात फिरवून बघत होते तेव्हा ती कवटी सापडली. मग खाली बघितलं. सगळ्या पट्ट्या गेल्या होत्या. मधली चौकट तशीच होती, पिवळीधमक, आणि तिच्या आत बोल्टांची भोकं.

"मामा, ही राहिली वाटतं," मी म्हणाले.

"व्हय, राहिली," किसनमामा म्हणाले. इतक्या दिवसांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं.

"काढा ना."

"तुमी काढा, ताई."

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मी खाली बसले. कोपऱ्याला नख लावलं. तुमचा टेप, कारखान्याचा, वरून फोर्कलिफ्ट गेली तरी न हलणारा. थोडं टोक सुटलं. मी ते तसंच धरून बसून राहिले आणि बाजूनं सगळी कामं थांबल्याचं मला ऐकू येत होतं. मग ओंकारनं हाक मारली, जागा घ्या म्हणून, आणि मी ते टोक अंगठ्यानं दाबून परत चिकटवलं.

पहिलाच प्रसंग हल्ल्याचा. भोंगा वाजला. माणसं पळाली, तुम्ही शिकवलंत तशी, जीव तोडून. पडद्याकडून टेबलाकडे, टेबलाकडून दाराकडे, आणि प्रत्येक जण मध्ये आला की वळसा घेत होता. रिकाम्या चौकटीला. काही तर नवीन लोक आहेत, त्यांनी खुर्ची कधी बघितलेलीही नाही. पुढच्याच्या मागे तेही वळत होते. नवी कॅप्टन हिंडत हिंडत मधोमध आली आणि पट्टीपाशी आपोआप थबकली.

"कट!" ओंकार वैतागून पुढे आला. "अरे, मधून जा ना सरळ! सगळं मोकळं आहे इथे!"

किसनमामांनी टोपी सारखी केली.

"मोकळं कुठं हाय, साहेब?" ते म्हणाले.

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. चित्र माझं, उत्तर मीच द्यायचं होतं. मी म्हणाले, "असंच राहू दे. शततारकेवर असंच चालतात." तो मागे जाऊन म्हणाला, "पुन्हा घेऊ. असंच." आणि पुन्हा भोंगा वाजला.

खुर्ची परत आणलेली नाही, युनूसभाई. माझंच चित्र उभं राहिलं आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की केबिनला तोंड नाही, आणि मी म्हणाले असते की नीट बघा, सगळे कुणाला वळसा घालतायत ते.

शॉट ओके झाला आणि चहा आला. किसनमामांनी माझा कप स्वतः आणून दिला. मी तो पट्टीच्या बाहेर उभी राहून प्यायले.